सहा नंबरची हरकत

"ह्यो सहा नंबर कुणाचा?"

लोखंडेमळ्याच्या नानांनी नकाशावर बोट ठेवलं होतं आणि ते उचलायला तयार नव्हते. नगरपरिषदेच्या सभागृहातल्या लांबलचक टेबलावर आमच्या सोसायटीचा नकाशा पसरलेला. पंख्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर पाण्याचे ग्लास ठेवले होते. टेबलाच्या एका बाजूला आम्ही सरकारी दवाखान्याची माणसं, दुसऱ्या बाजूला मळ्यातली माणसं, आणि मध्ये मुख्याधिकारी मुलाणी साहेब. त्यांना आम्हा दोघांचाही सारखाच कंटाळा आला होता.

"माझा," मी म्हणाले. "सहा नंबरचं रो-हाऊस माझं आहे, नाना."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "सिष्टर, तुमचं?" ते म्हणाले आणि बोट काढून गुपचूप खुर्चीवर जाऊन बसले. सकाळपासून तावातावाने भांडणारा माणूस एकदम मऊ पडला.

"बोला की," मुलाणी साहेब म्हणाले. "सहा नंबरबद्दल काय म्हणणं आहे?"

"काय न्हाई. पान्याचं बगा, येवडंच म्हनतोय."

आता पाण्याचं आम्ही सकाळपासून दोनदा बघितलं होतं. आमच्या वसाहतीला वेगळी टाकी, वेगळी जोडणी, मळ्याच्या नळाचा थेंबही आम्ही घेणार नाही, हे आमच्या आर्किटेक्ट तगाऱ्यांनी अगदी हात जोडून सांगितलं होतं. ते पटल्यावर मळ्यातली माणसं रहदारीवर आली. रहदारीचं निस्तरलं तर सांडपाण्यावर. सांडपाण्याचं पटलं तर म्हणे तुमच्या तीन मजली इमारतीची सावली आमच्या मेथीवर पडणार. इमारत उत्तरेला आणि मेथी दक्षिणेला, तेव्हा सावली तिकडे जायची तर सूर्यालाच उलटं चालावं लागलं असतं. तगाऱ्यांनी तेही समजावलं, आणि मंडळी परत पाण्यावर आली.

मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. कारण आमचं सगळं त्या एका दिवसावर होतं.

मी तेव्हा दवाखान्यात वॉर्ड सिस्टर होते. प्रमिला साळोखे, पण ते नाव पगारपत्रकापुरतं, गावाला मी नुसती सिस्टर. आमची क्वार्टर्स बांधकाम खात्याने राहण्यास धोकादायक ठरवली होती आणि पावसाळ्याआधी खाली करा अशी नोटीस दारोदार चिकटवली होती. खात्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात छताचे पोपडे आमटीत पडायचे. सासूबाई जेवायला बसताना ताटावर दुसरं ताट धरायच्या. नर्सा, वॉर्डबॉय, एक्स-रेवाले, औषधं देणारे अशा सगळ्यांनी मिळून आम्ही सोसायटी काढली, गावाबाहेर लोखंडेमळ्याला लागून जागा घेतली. पुढच्या बाजूला रो-हाऊसं, मागे फ्लॅटची इमारत. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मला सहा नंबर निघाला. पुढे छोटं अंगण होतं. त्या अंगणात झोपाळा टांगायचा, हे मी नकाशा कोरा होता तेव्हापासून ठरवून टाकलेलं.

घोडं अडलं ते रस्त्यावर. शहराच्या आराखड्यात मळ्याकडून नदीकडे जाणारा एक रस्ता नेमका आमच्या जागेच्या मधून आखलेला होता. आखलेला म्हणजे कागदावर. जागेवर तिथे गवतातून गेलेली एक पायवाट होती आणि मध्येच एक मोठा सपाट दगड. रस्ता मधून गेला असता तर आमची निम्मी घरं बसली नसती, म्हणून तगाऱ्यांनी तो ओढ्याच्या कडेला सरकवला. असा बदल करायचा तर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, त्यांची सुनावणी घ्यावी लागते आणि मग सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागतो. सुनावणी सकाळी होती, सभा त्याच दुपारी. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागणार म्हणून रोज उठून बातमी येत होती. एकदा ती लागली की सगळं ठप्प. नवी मंडळी निवडून येणार, ती पहिल्यापासून सगळं बघणार, आणि तोवर पावसाळा येऊन आमचं छत खाली आलेलं असणार.

"साहेब, मी पुन्हा एकदा समजावतो," तगारे उठले. सज्जन माणूस, पण समजावण्याची भारी हौस. "काका, इथे बघा. ही तुमची जुनी पायवाट. इथे आता भिंत येईल, म्हणजे तुमच्या शेतात आमची मुलं, आमची कुत्री येणार नाहीत. आणि हा मधला सपाट दगड, सहा नंबरच्या दारासमोरचा, तो आम्ही काढणार नाही. तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी कट्टा करणार आहोत. संध्याकाळी आमचे वयस्कर लोक त्यावर बसतील, गप्पा मारतील, हास्यक्लब चालवतील."

 मळ्याच्या बाजूला एका बाईने पदर तोंडाला लावला. नाना डोळे मिटून बसले होते.

"हरकत मागे घेताय का मग?" मुलाणी साहेबांनी विचारलं.

"न्हाई," नाना डोळे न उघडताच म्हणाले. "हरकत हाय."

"कशाची?"

"पान्याची."

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. "जेवून घ्या सगळे. नंतर शेवटचं ऐकतो आणि जे असेल ते सभेपुढे ठेवतो. हरकत कायम असेल तर विषय आज होणार नाही, हे दोन्ही बाजूंनी समजून घ्या."

बाहेर आल्याबरोबर आमचे चेअरमन म्हमाणे भडकले. म्हमाणे दवाखान्यातले औषधनिर्माते, भला माणूस, पण तापला की त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. "यांच्या मागे कोणीतरी आहे, बाई! कोणीतरी पढवून पाठवलंय. नाहीतर मेथीवर सावली! मेथीवर!"

"हळू बोला, ऐकू जाईल."

"जाऊ दे!"

मला काही तसं वाटत नव्हतं. वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळलेली असते. खेड्यातून आलेली बाई पहिल्यांदा जे दुखणं सांगते ते तिचं दुखणं नसतं. डोकं दुखतंय म्हणेल, झोप येत नाही म्हणेल, औषध दिलं तर घेईल आणि दाराशी घुटमळत राहील. तिथे डॉक्टर चिडतात. चिडायचं नसतं. शेजारी बसायचं, भलतंच काहीतरी बोलायचं, आणि ती कुठे हात लावू देत नाही ते बघायचं. मळ्यातली माणसं सकाळपासून सगळीकडे हात लावू देत होती. फक्त सहा नंबर म्हटल्यावर नानांनी बोट काढून घेतलं होतं.

पालिकेच्या आवारात कडुलिंबाखाली मळ्याची मंडळी भाकरीची गाठोडी सोडून बसली होती. मी सरळ तिकडे गेले. मला येताना बघून बाकीचे इकडेतिकडे पाहायला लागले, पण गजराबाईने पदर सावरून जागा केली. गजराबाई म्हणजे नानांची थोरली भावजय. तिचा मोठा मुलगा दत्तू माझ्याच वॉर्डात होता. महिनाभर होता आणि मग गेला. त्या महिन्यात ती आणि मी किती वेळा एकमेकींशेजारी बसलो त्याची गणती नाही.

"बस," ती म्हणाली. "जेवलीस?"

"नाही."

"मग खा. भांडान तितं आत, जेवान हितं भाईर." तिने भाकरीचा चतकोर आणि खर्डा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. खर्ड्याने डोळ्यांतून पाणी आलं तशी ती हसली.

"गजराबाई, तुमच्या मेथीवर खरंच सावली पडते का हो?"

"मला काय कळतंय त्यातलं. बापय बोलत्यात."

"आणि सहा नंबरचं काय आहे?"

तिने भाकरी मोडायची थांबवली. मग उगाच मीठ शोधायला लागली. मीठ समोरच होतं.

"माझं घर आहे म्हणून नाना गप्प बसले. दुसऱ्या कुणाचं असतं तर बोलले असते. काय बोलले असते?"

"आगं, नगं विचारू. वंगाळ असतंया."

"भूत आहे तिथे?"

"भूत न्हवं गं!" ती चिडलीच. "आमच्या मान्सांस्नी भूत म्हनतीस व्हय?"

मी घास तसाच हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. तिच्याही लक्षात आलं की तोंडातून निसटलं. तिने आजूबाजूला पाहिलं. नाना पाठ करून तंबाखू मळत होते. पण त्यांचे कान इकडेच होते, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"तुझ्या दारात आमचा इसावा हाय," ती हळूच म्हणाली.

मळ्यातलं माणूस गेलं की त्याला त्याच पायवाटेने नदीवर नेतात. अर्ध्या वाटेवर त्या सपाट दगडावर तिरडी टेकवायची. खांदेकरी बदलायचे, पुढचे मागे आणि मागचे पुढे. घटकाभर थांबायचं, मग उचलायचं. हा विसावा गावागावांत असतो, मलाही माहीत होता. पण तो आमच्या नकाशात असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि ओढ्याच्या कडेने जो नवा रस्ता आम्ही मोठ्या मनाने त्यांना देत होतो, तो मारुतीच्या देवळासमोरून जात होता. देवाच्या दारातून मढं न्यायचं नसतं. म्हणजे आमची भिंत उभी राहिली की मळ्याला नदीच राहणार नव्हती.

"माझा मालक तितंच टेकवला," गजराबाई म्हणाली. "सासू, सासरा तितंच. दत्तूला पन तितंच घटकाभर ठिवला. म्या मागनं चालत गेलते. बायका जात न्हाईत, पन म्या गेलते."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. दत्तूच्या तोंडावर चादर मी स्वतः ओढली होती.

"अहो, मग हे सांगायचं नाही का? सकाळपासून पाणी पाणी काय करताय?"

"कसं सांगायचं? तू घर बांदायला निगालीस. कुनी घर बांदताना त्येच्या दारात मढ्याचं नाव काडतं व्हय? उद्या तुझ्या घरात कुनाला नुसतं पडसं झालं तरी म्हनशीला, गजरीनं आदीच बोलून ठिवलं हुतं. नाना म्हनला, कुनी परका आसला तर कानात सांगू. तवर तुझं नाव निगालं आन् त्येची बोबडीच वळली."

तिकडे नाना आणखी जोरात तंबाखू मळायला लागले.

"आन् तुमी तरी!" गजराबाईला आता बांध राहिला नव्हता. "जागा घेतली तवा समदी त्या दगडावर बसून भेळ खाल्लीसा. आमी बांधावरनं बगत हुतो. म्हटलं, द्येवा, ह्यास्नी आता काय सांगायचं!"

मला हसू आवरेना. रडूही येत होतं, पण हसू आधी आलं. मी तोंडावर पदर घेतला तशी ती घाबरली. तिला वाटलं मी रडतेय.

"म्या सांगितलं म्हनून सांगू नगस," ती म्हणाली.

"नाही सांगत," मी म्हणाले आणि धावतच आत गेले.

व्हरांड्यात आमची माणसं डबे उघडून बसली होती. मी म्हमाण्यांना आणि तगाऱ्यांना बाजूला घेतलं, पण दवाखान्याच्या माणसांत बाजूला असं काही नसतं, दोन वाक्यांत सगळ्यांनी डबे घेऊन गराडा घातला. मी सगळं सांगितलं. तगाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "हास्यक्लब," ते एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

म्हमाण्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "बाई, मी त्या दगडावर झोपलो होतो."

"कधी?"

"मोजणीच्या दिवशी. ऊन फार होतं, झाडाची सावली बरी वाटली. चांगला आडवा झालो होतो. तरीच त्या वाटेने जाणाऱ्या बाया माझ्याकडे बघून पळत सुटल्या!"

आमच्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पण म्हमाणे हसले नाहीत. चेअरमन असल्याचं त्यांना आठवलं होतं. "विषय संपला," ते म्हणाले. "आता तर ती वाट ठेवायचीच नाही. उद्या हे बाहेर फुटलं तर निम्मे लोक नावं काढून घेतील. ज्या दारातून मढी जातात त्या दारात राहायला कोण येईल? माणूस घर घेताना वास्तू बघतो, शकुन बघतो."

"म्हमाणे साहेब," मी म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर काय दिसतं?"

"कुठल्या?"

"आत्ताच्या. क्वार्टरमधल्या."

म्हमाण्यांनी डब्याचं झाकण लावलं.  मागून कोणीतरी खुदकन हसलं.

आमच्या क्वार्टर्सच्या भिंतीला भिंत लागून दवाखान्याचं शवागार होतं. आमची पोरं त्याच्या पायऱ्यांवर बसून पाढे पाठ करत मोठी झाली. चेंडू आत गेला तर शवागाराच्या माणसाला हाक मारून मागायची. आमच्या कुरड्या, पापड त्याच्या पत्र्यावर वाळायचे, कारण तिथे ऊन चांगलं पडायचं. माझ्या सासूबाईंना दुपारी करमलं नाही की त्या खिडकीत बसून आज कोण आलं ते बघायच्या आणि संध्याकाळी मला सविस्तर सांगायच्या.

"तुमच्या मुलीच्या, सुलूच्या लग्नाचा मांडव कशाला बांधला होता?" मी विचारलं. "एक दोर सोडायला जागा मिळेना, तेव्हा कुठल्या खिडकीच्या गजाला बांधला?"

"ते वेगळं," म्हमाणे म्हणाले.

"काय वेगळं?"

"ते... ते सरकारी आहे."

त्यानंतर जो हशा उसळला त्याने पालिकेचे शिपाई बघायला आले. म्हमाण्यांनी थोडा वेळ रागाने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तेही हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसून पुन्हा हसायला लागले.

"अहो, आख्ख्या तालुक्यात ही गोष्ट कुणाला बिनधास्त सांगता आली असती, तर ती आपल्याला," मी म्हणाले. "आपल्या निम्म्या आयुष्याचं काम तेच आहे. आणि नेमकं आपल्यालाच सांगायला ते बिचारे लाजले. तुम्ही म्हणताय कोणी पढवून पाठवलंय. त्यांना आपल्या घरांचं वाईट होऊ नये असं वाटतंय, म्हणून ते सकाळपासून शिव्या खातायत."

 तगारे तोवर नकाशाची दुसरी प्रत मांडीवर घेऊन पेन्सिल चालवायला लागले होते. "गाड्यांचा रस्ता ओढ्याकडेनेच राहू दे," ते म्हणाले. "ही मधली पायवाट आहे तशी सार्वजनिक ठेवता येईल. दोन्ही टोकांना भिंतीत जागा सोडू. कट्टा रद्द. घरं सगळी बसतात. फक्त..." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "खांद्यावर घेऊन जायचं तर वाट जरा रुंद हवी. आणि दगडाभोवती माणसं उभी राहायला जागा. सहा नंबरचं पुढचं अंगण जाईल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. झोपाळा मी मनातल्या मनात कधीच टांगला होता, त्याच्यावर बसून शेंगा निवडल्या होत्या. पण माझ्या डोळ्यांसमोर दत्तूच्या मागून एकटी चालत गेलेली गजराबाई येत होती.

"जाऊ दे," मी म्हणाले.

"सासूबाईंना काय सांगाल?" म्हमाण्यांनी हळूच विचारलं.

"सांगेन, दारातच सोय झाली."

जेवणानंतर पुन्हा सगळे टेबलाभोवती बसलो. मुलाणी साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "बोला नाना. हरकत आहे?"

नाना उठायला लागले, पण मी त्यांच्या आधी उभी राहिले. "साहेब, त्याआधी सोसायटीची एक मागणी आहे."

"आता तुमचीही मागणी?" साहेबांनी डोळ्यांवर हात ठेवला.

"मधली पायवाट आम्हाला हवी आहे. आहे तिथेच, आणि थोडी रुंद. तिला भिंत नको, फाटक नको, कुलूप नको. दगडही आहे तिथेच राहील. त्याच्यावर कट्टा नाही, बाक नाही. कायमची सार्वजनिक वाट म्हणून ठरावात लिहून घ्या."

 नाना अर्धवट उठलेले तसेच टेबलाला धरून उभे.

"तुम्हीच नकाशात भिंत घातली होती ना?" साहेब म्हणाले. "आता वाट कशासाठी?"

माझ्या ओठांवर शब्द आला होता. मला काही त्याचं भय नव्हतं, वॉर्डात रोज उच्चारत होते. पण समोर गजराबाईने पदर दातांत धरला होता. सकाळपासून जो शब्द त्या सगळ्यांनी माझ्यासाठी गिळला, तो मी सभागृहात तोंडावर फेकणं बरं नव्हतं.

"नदीला जायला," मी म्हणाले.

"नदीला कोण जातं आता? नळ आहेत घरोघर."

"जावं लागतं, साहेब. सगळ्यांनाच."

मुलाणी साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं, मग मळ्याच्या माणसांकडे, मग नकाशावरच्या त्या दगडाच्या खुणेकडे. आमच्याच भागातला माणूस होता तो. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. 

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ती वाट कुणी अडवू नये. लिहून घ्या हो." मग नानांकडे वळले. "आणि नाना, तुमच्या पाण्याचं काय करायचं?"

"पानी?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, पण ते सावरले. "पान्याला काय झालंय? पुरंल की."

"रहदारी?"

"कसली रहदारी! चार फटफट्या आन् दोन सायकली."

"मेथी?"

"मेथी काढून झाली, साह्येब. आता वांगी लावायची हायत."

सगळं सभागृह हसलं. साहेबसुद्धा हसले आणि हसतच त्यांनी नानांपुढे सहीसाठी कागद सरकवला.

दुपारी सर्वसाधारण सभा झाली. आम्हाला मागे बाकावर बसू दिलं होतं. आमचा विषय वाचला गेला, बाकं वाजली, "मंजूर, मंजूर" असा गलका झाला आणि पुढचा विषय निघालाही. कत्तलखान्याच्या कुंपणाचा होता. एवढ्यात संपलं? मी बाकावर तशीच बसून राहिले. म्हमाण्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. बाहेर पडल्यावर आम्ही बायका पायऱ्यांवरच बसलो आणि एकमेकींचे हात धरून राहिलो. इतक्या महिन्यांनी मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

आचारसंहिता त्याच आठवड्यात लागली.

त्या दिवशी मळ्याची मंडळी निघाली तेव्हा गजराबाई मागे राहिली. पायरीवर माझ्याशेजारी टेकली. "तू बोलली न्हाईस," ती म्हणाली.

"नाही."

"बरं केलंस." मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझी येळ आली आन् मला तितं टेकवलं, तर दार लावून घिऊ नगस. लोक लावून घेत्यात. तू भाईर यून हुबी ऱ्हा."

"राहीन," मी म्हणाले.

घरं झाली. क्वार्टर्स पाडायला यंत्र आलं तेव्हा आमचं सामान आधीच हललं होतं. नव्या घरात आठवडाही झाला नसेल. ड्यूटीवरून येऊन मी जरा पडले होते, भिंतींना अजून रंगाचा वास होता. बाहेर वाटेवर पावलं वाजली. एकाची नाही, बऱ्याच जणांची. दारासमोर आली आणि थांबली. मग नानांचा आवाज आला, जड आणि दमलेला.

"सिष्टर, दार उघडा. गजरावैनी आलीया."

 पायात चप्पल नाही, केस सुटलेले, तशीच उठले. दिलेला शब्द आठवत होता आणि हाताला कडी सापडत नव्हती. शेवटी दार उघडलं.

बाहेर मळ्यातल्या बायका डोक्यावर वांग्यांच्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे नाना, खांद्यावर भलंमोठं पोतं, घामाघूम. आणि सगळ्यांच्या पुढे, माझ्या उंबऱ्याशी गजराबाई. तिने माझा चेहरा पाहिला, आणि तिला सगळं कळलं.

"भिऊ नगस," ती म्हणाली. "माझी मी चालत आलीया. च्या टाक."